निळ्या पानावरची पांढरी अक्षरे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी, स्मरणिका समितीच्या वतीने वाचलेले भाषण)



चौथ्या दिवसाच्या व्याख्यानाला आपल्याकडे बाहेरगावचा वक्ता येतो, हा आपला जुना रिवाज. यंदाच्या वक्त्यांना प्रकृतीमुळे येता आले नाही. अध्यक्षांनी आम्हाला बोलावून सांगितले, "आषाढातल्या तुमच्या भांडणाची गोष्ट दांडिया बाजारापर्यंत पोचली आहे. तेव्हा आता सगळ्यांसमोरच काय ते सांगून टाका." म्हणून आज स्मरणिका समिती तुमच्यासमोर उभी आहे. वाचणारा एक असला तरी हे लिहिले सहा जणांनी आहे, म्हणून 'आम्ही' असेच म्हणतो. जिथे आमचे एकमत नाही, तिथे तसे सांगू.

भांडण होते संगणकावरच्या एका सोयीवरून. काढायची की ठेवायची, एवढेच. ऐकून काहींना हसू येईल. आम्हालाही पहिल्या अर्ध्या तासात येत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. स्मरणिकेसाठी लेख कसे येतात, हे आमच्याखेरीज फक्त देवाला ठाऊक. कोणी फुलस्केप कागदावर लिहून देतो, कोणी त्या कागदाचा फोटो काढून पाठवतो, आणि तोही आडवा. कोणी वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप करतो. ती फाइल आमच्याकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती मिसळ दिसते. या सगळ्याला कंटाळून दोन वर्षांपूर्वी मंडळातल्या चार तरुण मुलामुलींनी, जी नोकरीतही हेच काम करतात, एक साधा टेक्स्ट एडिटर तयार केला. फोनवर किंवा संगणकावर तो उघडायचा, मराठीत लिहायचे, 'पाठवा' दाबायचे. लेख थेट समितीकडे येतो, आणि मुद्रितशोधनही तिथेच होते. त्याला आम्ही 'पाटी' म्हणतो.

पाटीत त्यांनी हौसेने बऱ्याच सोयी ठेवल्या होत्या. अक्षराचे चार आकार, तीन फॉन्ट, ओळींमधले अंतर दोन प्रकारचे, आणि पानाचे पाच रंग. पांढऱ्यावर काळे, फिक्या पिवळसर पानावर तपकिरी, निळ्यावर पांढरे, काळ्यावर पिवळे, आणि एक गुलाबी. तो गुलाबी कोणाच्या डोक्यातून आला, हे समितीला आजवर कळलेले नाही.

आषाढातल्या बैठकीत मुलांनी प्रस्ताव मांडला की रंगांची सोय काढून टाकायची. पान पांढरे, अक्षर काळे, विषय संपला.

त्यांची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम होती. पाच रंग, चार आकार, तीन फॉन्ट, दोन अंतरे, गुणाकार करा. एकशेवीस. पाटीत काहीही नवे घातले, अगदी साधे बटण जरी, तरी ते या एकशेवीस तऱ्हांमध्ये नीट दिसते का, हे बघायला हवे. आणि ते फोनवर वेगळे, संगणकावर वेगळे. सोयी वाढतात तेव्हा बेरीज होत नाही, गुणाकार होतो. नुसत्या हो किंवा नाही अशा दहा खुणा असल्या तरी त्यांच्या 1,024 तऱ्हा होतात, आणि वीस असल्या तर 10,48,576. ही मुले रविवारी, स्वतःच्या वेळात, फुकट काम करतात. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला एक खूण दिसते. आम्हाला तिच्यामागे सगळं घर झाडावं लागतं."

दुसरी अडचण आमच्याच लाल पेन्सिलीची. मुद्रितशोधक चूक दाखवतो ती लाल अक्षरात. पांढऱ्या पानावर ते छान दिसते. निळ्या पानावर लाल अक्षर थरथरल्यासारखे दिसते, कारण लाल आणि निळा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून सारखा वळत नाही आणि दोन्ही एकाच जागी नीट केंद्रित होत नाहीत. म्हणजे निळे पान वापरणाऱ्या लेखकाला नेमकी त्याची चूकच दिसायची नाही.

तिसरी अडचण नवख्याला पटकन कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. संगणकात काळे अक्षर दोन प्रकारचे असते. एक 'आपोआप' काळे, म्हणजे ज्याला रंग सांगितलेलाच नाही. पान गडद झाले की ते स्वतःहून पांढरे होऊ शकते. दुसरे सांगून काळे केलेले. ते हट्टी. पान काळे झाले तरी ते काळेच राहते, म्हणजे दिसेनासे होते. एखाद्याने ईमेलमधून चार ओळी उचलून पाटीत चिकटवल्या की त्या ओळी बरोबर आपला रंग घेऊन येतात. मागच्या वर्षी एका सभासदाने घाबरून फोन केला होता की आपल्या आजोबांवरच्या लेखातला मधला परिच्छेद पुसला गेला. पुसला गेला नव्हता. काळ्यावर काळा होऊन बसला होता.

आणि शेवटी त्यांनी विचारले, वापरतो कोण? त्यांनी मोजून आणले होते. दोन वर्षांत रंग बदलणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. शिवाय 2019 पासून आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये अख्ख्या फोनचाच डार्क मोड आला आहे. ज्याला गडद हवे त्याने फोनच गडद करावा. पाटीत वेगळी सोय कशाला?

आम्ही मान डोलावली. ठराव जवळपास झालाच होता.

तेवढ्यात समितीतल्या एका ज्येष्ठाने एक जुनी गोष्ट काढली. हे गृहस्थ तीस वर्षे कचेरीत संगणकावर बसलेले. ते म्हणाले, हे भांडण तुम्ही पहिल्यांदा करत नाही आहात.

मुळात संगणकाचा पडदा काळाच असायचा. त्यावर हिरवी किंवा नारिंगी अक्षरे. कागदासारखे पांढरे पान पडद्यावर आणले ते झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी, 1973 च्या 'आल्टो' नावाच्या यंत्रात, आणि घरोघरी त्याची ओळख झाली 1984 च्या मॅकिंटॉशपासून. त्याआधीची, आणि पुढची काही वर्षेसुद्धा, कचेऱ्यांतली मंडळी गडद पानावरच लिहीत होती. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका कंपनीचा 'वर्डपरफेक्ट' हा प्रोग्रॅम तेव्हा फार चाले. 1989 साली त्याची 5.1 ही आवृत्ती आली. निळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे, बाकी काही नाही. वकिलांच्या कचेऱ्यांमध्ये तर त्याचे राज्यच होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड'ला ती गिऱ्हाइके हवी होती. म्हणून वर्डमध्ये वर्डपरफेक्टवाल्यांसाठी वेगळी मदत ठेवली, त्यांच्या सवयीच्या कळा चालतील अशी सोय ठेवली, आणि सेटिंगच्या यादीत एक छोटा चौकोन ठेवला: निळे पान, पांढरी अक्षरे. चौकोनात खूण केली की पडदा निळा. फाइल तशीच, छापल्यावर कागद तसाच. बदलायचे ते फक्त तुमच्या डोळ्यांपुरते.

हा चौकोन वर्डच्या 2003 च्या आवृत्तीपर्यंत होता. 2007 च्या आवृत्तीत वरच्या जुन्या मेनूंच्या जागी ती रुंद पट्टी आली, रिबन, आणि त्या उलथापालथीत हा चौकोन गेला. तोवर वर्डपरफेक्टची सवय असलेली माणसे निवृत्त झाली होती. ज्या कारणासाठी सोय ठेवली ते कारण संपले. मग सोय काढली तर बिघडले कुठे?

बिघडले ते असे, की मधल्या काळात तो चौकोन दुसऱ्याच माणसांच्या हाती गेला होता. ज्यांनी वर्डपरफेक्टचे नावही ऐकले नव्हते, पण ज्यांना पांढऱ्या पडद्याचा उजेड सोसत नव्हता, अशांच्या. सवय जपायला ठेवलेली सोय आता डोळे जपत होती, आणि नावावरून ते कोणाला कळण्यासारखे नव्हते.

इथे डोळ्यांविषयी दोन शब्द. यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि आमच्या समितीत दोन्ही बाजूंचे डोळे आहेत. निरोगी डोळ्याला पांढऱ्यावर काळे अधिक स्पष्ट दिसते. जर्मनीतल्या संशोधकांनी 2013 मध्ये तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांवर तपासून हेच दाखवले. उजळ पानामुळे बाहुली लहान होते आणि चित्र रेखीव पडते. गडद पानावर बाहुली मोठी होते, आणि ज्याच्या चष्म्याला आडवा नंबर आहे त्याला अक्षराभोवती धुके दिसते. त्यातून पांढरी वस्तू काळ्यावर आहे त्यापेक्षा जाड भासते. देवनागरीत त्यामुळे पोटे भरल्यासारखी वाटतात. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतला फरक करणारी बारीक जागा बुजते, अनुस्वार रेघेला चिकटतो. आमच्यातल्या एकाला आडवा नंबर आहे. त्याचे मत ऐकलेत तर काळे पान जगातून हद्दपार करावे.

पण ज्याच्या डोळ्यातली काचच गढूळ आहे त्याचे उलट असते. मोतीबिंदू असो, की बुबुळावर पडलेले फूल. पावसात ओरखडे पडलेल्या काचेची गाडी चालवून बघा. समोरून हेडलाइट आला की सगळी काच पांढरी होते आणि रस्ता दिसत नाही. त्या माणसाला पांढरे पान म्हणजे तो हेडलाइट. पान काळे केले की उजेड फक्त अक्षरातून येतो, विखुरतो कमी, आणि अक्षर सापडते. मिनेसोटा विद्यापीठाच्या गॉर्डन लेग यांनी 1985 मध्येच मोजून दाखवले होते की अशा डोळ्यांची माणसे गडदावर उजळ अक्षरे अधिक वेगाने वाचतात. म्हणजे शंभर जणांची सरासरी काढली तर पांढरे पान जिंकते, आणि त्या शंभरातल्या ज्या चौघांचे त्यावाचून अडते ते सरासरीत दिसतच नाहीत.

आता आमच्या घरातली गोष्ट. ती सांगू की नको यावर आमच्यात बराच खल झाला. ज्यांची गोष्ट आहे त्या काकूंनीच "सांगा, पण माझं नाव घेऊ नका" म्हटले, म्हणून सांगतो.

काकू आपल्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन करायच्या. तुमच्यातल्या बहुतेकांच्या लेखांतले ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी सुधारले आहेत. लहानपणी डोळ्याला इजा झाली, तेव्हापासून एका डोळ्यात फूल आहे, आणि दुसरा डोळा वयाने मंदावला. पाटीच्या आधीच्या काळात त्या घरच्या संगणकावर एक वेगळाच प्रोग्रॅम वापरत. कोणता, ते इथे महत्त्वाचे नाही. नातवाने त्यात त्यांना काळ्यावर पिवळे करून दिले होते. एके वर्षी त्याची नवी आवृत्ती आपोआप आली. पान पांढरे झाले, आणि रंग बदलायची जागा सापडेना. नातू तोवर नोकरीला परगावी गेला होता.

काकूंनी कोणाला काही सांगितले नाही. त्यांना वाटले, आपला डोळाच आणखी गेला. त्यांनी शेजारच्या मुलीला बोलावून तिच्याकडून मजकूर वाचून घ्यायला सुरुवात केली. ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कसे सुधारणार? त्या वर्षीच्या स्मरणिकेत चुका राहिल्या. एका देणगीदाराचे आडनाव चुकले, आणि श्रद्धांजलीच्या पानावर एक फार लाजिरवाणी चूक छापली गेली. पुढच्या वर्षी समितीने, म्हणजे आम्हीच, काकूंचे काम काढून दुसऱ्याकडे दिले. अगदी गोड बोलून. "काकू, आता विश्रांती घ्या, किती वर्षं केलंत!" शाल दिली, नारळ दिला. काकूंनी तो घेतला. आम्हाला वाटले, वय झाले. त्यांनाही तेच वाटले.

हे आम्हाला कळले ते त्या आषाढी बैठकीत, आणि तेही योगायोगाने. काकू चहाच्या निमित्ताने आल्या होत्या, कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. निळ्या पानाची गोष्ट चालू असताना त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे माझं पिवळं अक्षर त्यांनी काढलं होतं? मला वाटलं, माझाच डोळा गेला."

बैठकीत कोणी बराच वेळ बोलले नाही. ज्या मुलाने प्रस्ताव लिहून आणला होता, तो कागदाची घडी करत होता.

मग एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. काकूंनी मधल्या काळात एक उपाय करून पाहिला होता. कोणीतरी सांगितले, पानालाच निळा रंग द्या. दिला. अक्षरे आपोआप पांढरी झाली, त्यांना दिसूही लागले. पण हा रंग डोळ्यांपुरता नव्हता, तो फाइलीत गेला. फाइल गेली छापखान्यात. तिथून फोन आला, "बेन, आखुं पानुं भूरुं छापवानुं छे?" घरी आधी कोणाला उलगडेना की हे भुऱ्या रंगाचे काय काढले. गुजरातीत भूरुं म्हणजे निळे. त्यानंतर काकूंनी तो नाद सोडला. चष्मा आपल्या नाकावर असतो तोवर ठीक. तो कागदालाच चिकटला तर ज्याच्या हाती कागद जाईल त्यालाही तुमच्या नंबरातून बघावे लागते. तो जुना चौकोन नाकावरचा चष्मा होता, आणि तो गेल्यावर माणसे पानालाच रंग देऊ लागतात, ही या प्रकारातली खरी ग्यानबाची मेख.

आता मोजणीकडे परत येतो, कारण आम्ही मोजणीवरच भुललो होतो. वर्डच्या 2003 च्या आवृत्तीत लोक काय वापरतात ते मायक्रोसॉफ्टने, ज्यांनी संमती दिली त्यांच्याकडून, मोजले होते. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पाच आज्ञा निघाल्या: पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. एकूण वापराच्या जवळपास एक तृतीयांश या पाचांतच. अशा मोजणीचा उपयोग नक्कीच आहे. कोणते बटण समोर ठेवावे, ते तिच्यावरून कळते. पण रंगाचा चौकोन माणूस आयुष्यात एकदा दाबतो, आणि मग रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या आधाराने वाचतो. दाबण्याची संख्या एक, वापर रोजचा. आमच्या मुलांनीही रंग किती जणांनी बदलला एवढेच मोजले होते. बदलून ठेवलेल्या रंगात कोण किती वेळ लिहीत बसले, ते मोजले नव्हते. मोजता आले असते, पण सुचले नाही. आम्हालाही सुचले नाही.

फोनच्या डार्क मोडचेही तसेच. काकूंकडे त्यांच्या फोनवर तो आहे. पण त्यात काळ्याऐवजी करडे पान आणि पांढऱ्याऐवजी राखाडी अक्षर येते. निरोगी डोळ्याला ते सुखद, काकूंना अपुरे. त्यांना काळ्यावर ठळक पिवळे लागते. शिवाय मुद्रितशोधन त्या मंडळाच्या कार्यालयातल्या संगणकावर करणार, जो सहा जण वापरतात. तो सबंध काळा करून ठेवला तर खजिनदार दुसऱ्या दिवशी पावती फाडायला बसणार नाहीत.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, मग मुलांचे चुकलेच. तसे नाही. सोयी काढणाऱ्यांना एका बाजूने दुष्ट ठरवणे सोपे असते. लिनक्सच्या जगात 'ग्नोम' नावाची मंडळी आहेत. त्यांनी 2002 च्या आपल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत ढिगाने सेटिंगे कमी केली. त्यांच्यातल्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी तेव्हा मांडले की प्रत्येक सेटिंगला किंमत असते. खूप झाली की हवे ते सापडत नाही, आणि कोणते मोडले आहे ते कोणाला कळत नाही. 2005 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतले की तुम्ही वापरणाऱ्यांना मूर्ख समजता. आमच्या समितीत दोघे पेनिंग्टनच्या बाजूचे आणि तिघे टॉरवल्ड्सच्या. सहावा चहा आणायला गेला होता.

पेनिंग्टनच्या बाजूचा आमचा एक सभासद स्वतः हेच काम करतो. त्याने सांगितलेली गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. त्याच्या कंपनीतल्या एका प्रोग्रॅममधून त्याने स्वतः एक अशीच दिसण्याची सोय काढली होती. ती तुटलेली होती, दुरुस्त करायला तीन आठवडे लागले असते, आणि ते आठवडे कोणी देईना. म्हणून काढली. नंतर तीन पत्रे आली. तो म्हणाला, "तीनच आली म्हणून आम्ही खूश झालो होतो. आज काकूंचं ऐकल्यावर वाटतं, पत्र न लिहिणारे किती असतील?" पण लगेच त्याने हेही म्हटले की तीच परिस्थिती पुन्हा आली तर तो पुन्हा काढेल. तुटलेली सोय ठेवणे हे तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्याला फसवणेच आहे. यावर आमचे एकमत झालेले नाही, आणि होईल असे वाटतही नाही.

शेवटी ठरले ते असे. तीन फॉन्टचा एकच केला. यावर एक ज्येष्ठ सभासद अजून रागावलेले आहेत. त्यांना गोल वळणाचे अक्षर आवडायचे. त्यांची आम्ही इथे जाहीर माफी मागतो, पण तो फॉन्ट परत येणार नाही. गुलाबी गेला. निळाही गेला, कारण लाल खुणांचे भांडण त्याच्याशीच होते. निळा वापरणाऱ्या दोघांना आम्ही घरी जाऊन भेटलो, आणि त्यांना काळ्यावर पिवळे चालते, हे बघूनच काढला. उरले तीन रंग: पांढरा, पिवळसर, आणि काळ्यावर पिवळा. तीन रंग, चार आकार, दोन अंतरे, म्हणजे चोवीस. एकशेवीसांच्या जागी चोवीस. मुले म्हणाली, एवढे झेपते.

पेस्ट केलेल्या मजकुराचा रंग आता आत येतानाच उतरवला जातो, चपला दाराबाहेर काढतात तसा. मुद्रितशोधकाची खूण नुसती लाल राहिली नाही. अक्षराखाली नागमोडी रेघ येते आणि समासात आकडा पडतो, म्हणजे रंग दिसला नाही तरी खूण दिसते. याचा फायदा ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही होतो. असे आपल्यात दोघे आहेत, हे आम्हाला त्याच महिन्यात कळले. रंग फाइलीत जात नाही. छापखान्याला पांढरे पानच मिळते.

या कामात मुलांचे चार रविवार गेले. त्यामुळे बोलून टाइप करण्याची जी सोय तुम्ही अनेकांनी मागितली होती, ती यंदा झाली नाही. ती कोणामुळे झाली नाही असे कुजबुजत विचारले जाते, म्हणून स्पष्ट सांगतो: समितीच्या ठरावामुळे. काकूंमुळे नव्हे.

पुढे काही काढायचे झाले तर त्याची रीतही ठरवली. ही आमच्या डोक्यातली नाही. ईमॅक्स नावाचा एक फार जुना एडिटर आहे. त्याचा ग्नू अवतार 1985 पासून लोकांच्या हाती आहे. तिथली मंडळी एखादी गोष्ट काढायची झाली की आधी तिच्यावर 'कालबाह्य' असा शिक्का मारतात, पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती तशीच चालू ठेवतात, आणि मग कधीतरी काढतात. आम्ही त्यात आपल्या सोयीची भर घातली. शिक्का एका गणेशोत्सवापासून दुसऱ्या गणेशोत्सवापर्यंत राहील, पाटी उघडल्याबरोबर वर सूचना दिसेल, आणि जो कोणी ती सोय वापरतो त्याच्या घरी समितीतले कोणीतरी जाऊन येईल. हजारोंचा प्रोग्रॅम असता तर हे जमले नसते. आपले मंडळ एवढे लहान आहे, म्हणून जमते.

आणि वर्डच्या त्या निळ्या पानाचे पुढे काय झाले, हे काहींनी मघाशी मंडपाबाहेर विचारले. निळे पान परत आले नाही. पण 2021 मध्ये वर्डने गडद पान आणले. अक्षरांचे रंगही त्याला साजेसे बदलून दाखवतात, छापताना कागद पांढराच राहतो, आणि एका बटणाने पान पुन्हा पांढरे करता येते. म्हणजे जवळपास तोच नाकावरचा चष्मा. मध्ये चौदा वर्षे गेली. आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जे गेले असतील त्यांना पुस्तकांच्या कपाटांमधली काचेची जमीन आठवत असेल. वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकापर्यंत पोचावा म्हणून सयाजीरावांच्या काळी ती तशी बसवली. तिथे अडचण उजेड कमी पडण्याची होती, काकूंची तो जास्त होण्याची.

यंदाच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन पुन्हा काकूंनी केले आहे. श्रावणात त्या रोज दुपारी कार्यालयात येऊन बसत, पडदा काळा, अक्षर पिवळे, आकार सगळ्यात मोठा. हे भाषणही आम्ही आज सकाळी त्यांच्याकडे दिले होते. सतरा चुका निघाल्या. त्यांतल्या तीन आम्हाला मान्य नाहीत आणि आमचे त्यावर अजून भांडण चालू आहे.

ज्यांना पाटीत पानाचा रंग बदलायचा आहे, त्यांच्यासाठी प्रसादाच्या टेबलाशेजारी आमची दोन मुले आरतीनंतर बसणार आहेत. फोन बरोबर आणा, चष्माही आणा. आणि ज्यांना वाटते की अलीकडे आपल्याला वाचायला जमत नाही, वय झाले, त्यांनी आधी तिथे येऊन जा, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांकडे जायचेच नाही असे मात्र नाही, अध्यक्षांनी हे मुद्दाम सांगायला सांगितले आहे.

आरतीची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया.